पेव

हरिपुरात जमिनीला तोंडं होती.
माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड,
आत पोट मोठं, वीस-बावीस फूट खोल.
तळाला पाचट, वर चटया, मग हळद.
माल सांगलीच्या पेढीचा,
उतरणारा माझा बाप, सिद्राम.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
दिवसभर तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
एवढं एकच शास्त्र बापाजवळ.
पाच सालच्या पाण्यात पेवं बसली,
तरी सांगत राहिला.

मी मार्केट यार्डात तोलार.
हर्षद भेटला चहाच्या गाड्यावर.
"खातं हाय न्हवं तुझं? रिकामंच की.
रिकामी खोली भाड्यानं देतोस का न्हाई?
तसंच हे."
महिना आठ हजार.
त्यानं नेलं पासबुक, कार्ड,
आणि माझ्या अंगठ्यावर घेतलेलं नवं सिम.
बदल्यात एक कागद आणला:
श्री संगमेश्वर ट्रेडर्स, हळद पावडरचे व्यापारी.
दुकान नाही, बोर्ड नाही,
पण माझ्या नावाखाली 'प्रोप्रायटर'.
तो मी बायकोला दाखवला. तिनं घडी घालून
तांदळाच्या डब्याखाली ठेवला.

एका मंगळवारी अकरा वाजून चार मिनिटांनी
सतरा लाख चाळीस हजार आले.
मी तेव्हा पोत्याला हूक लावून
काट्यावर चढवत होतो. बावन्न किलो, पाचशे ग्रॅम.
अकरा एकवीसला गेले.
सतरा मिनिटं मी लखपती होतो
आणि मला कुणी सांगितलं नाही.

ठाण्यातल्या तरण्या फौजदार बाईंनी
कागद उलटा करून चित्र काढलं.
एक गोल: हा तू.
खाली अकरा गोल, त्यांच्या खाली छत्तीस.
त्यातला एक रिक्षावाला, एक कॉलेजची पोरगी,
एक तर मेलेला माणूस, खातं चालू.
मग रेघा कागदाच्या काठाशी गेल्या.
"इथून पुढं नाणी होतात. डोळ्यांना न दिसणारी.
परमुलखात कुठंतरी परत नोटा."
"आणि फोनवर बोलणारा?"
"तोही पगारी. सकाळी सीबीआयचा साहेब, दुपारी कुरिअरवाला.
टार्गेट भरलं नाही तर त्याचं जेवण तोडतात, म्हणे."

पैसे कुणाचे, मी विचारलं.
मला वाटलेलं, असेल कुणी लांबचं, दिल्लीबिल्लीचं.
"मिरज," बाई म्हणाल्या.
एस्तेर काळोखे. दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर.
तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवलेलं त्यांना.
खोटी वर्दी, खोटं कोर्ट, मागं खोटा झेंडा,
संडासला जायचं तरी परवानगी.
शेवटी त्यांनी एफडी मोडली
आणि साहेबांना थँक्यू म्हणाल्या.

हरिपूर ते मिरज
माझ्या गाडीला अर्धा लिटर पुरतं.
येऊन-जाऊन.

पेपरात आलं, सायबर गुन्ह्यांचे पेव फुटले.
बापानं चष्मा लावून दोनदा वाचलं.
"पेव फुटत न्हाई रं," म्हणाला.
"पेव बसतं. उतरलेला खाली ऱ्हातो.
वरच्याला काय हुईत न्हाई, त्याच्या हातात दोरी असती."
जरा वेळानं: "दोरी कुणाच्या हातात हुती?"
मला हर्षदचं आडनाव सांगता आलं नाही.

खातं गोठलंय. शिल्लक एकशे बारा.
परवा कोर्टाच्या आवारात, लिंबाखालच्या बाकावर
एक म्हातारी बाई, पांढरी साडी, मांडीवर डबा.
नाव पुकारलं तेव्हा कळलं.
उठता उठता त्यांचं लक्ष गेलं
हुकानं फाटलेल्या माझ्या तळव्याकडं,
त्यावरच्या मळक्या चिंधीकडं.
"धनुर्वाताचं घेतलंस का रे?"

हो म्हणालो.
घेतलं नव्हतं.